आमचा स्वतःचा ब्लॉक

एका प्लास्टिकच्या खुर्चीवरून आमच्या बिल्डिंगमध्ये दोनदा मतदान झालं, एकदा अध्यक्षांनी राजीनामा दिला आणि एकदा मी माझ्या सख्ख्या आईला सोसायटीचे नियम समजावायला तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने तणतणत गेले. लिफ्ट चालू असताना. यातलं काहीच मी नाकारू शकत नाही, कारण सेक्रेटरी मीच होते आणि इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे.

सेक्रेटरी मी कशी झाले, तर सभेला पाच मिनिटं उशिरा पोचले. आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत निवडणुकीची हीच पद्धत आहे. त्यातून मी खारघरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, म्हणजे हिला कागद सांभाळायची सवय आहे, असं सगळ्यांचं ठरलं. ते खरंही आहे. वस्तू जागच्या जागी नसली की माझं डोकं फिरतं. पुस्तक चुकीच्या कपाटात दिसलं तर मला जेवण जात नाही, तर माणसांचं काय सांगू!

सात मजले, अठ्ठावीस फ्लॅट आणि एकमत कशावरच नाही, अशी आमची परिस्थिती. आधी सगळे निर्णय मोबाइलच्या ग्रुपवर व्हायचे. जिन्याला रंग कोणता द्यायचा, यावर अध्यक्षांनी पोल टाकला होता. क्रीम, ऑफ व्हाइट की आयव्हरी? आधी मला या तिघांतला फरक कोणीतरी समजावून सांगावा. तर अठ्ठावीस फ्लॅटमधून एकसष्ट मतं पडली. नवऱ्याने क्रीम म्हटलं की बायको आयव्हरी म्हणायची आणि मुलं मजा म्हणून दोन्ही दाबायची. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींची बहीण पुण्याला राहते, तिचंही मत पडलं. दुसऱ्या मजल्यावरच्या साताऱ्याच्या काकांनी तर पोलमध्ये स्वतःचा चौथा पर्याय घातला, ‘पाणी कधी येणार’. शेवटी तोच निवडून आला. जिना अजून जुन्याच रंगाचा आहे.

या गोंधळाला वैतागून पाचव्या मजल्यावरचा आयटीवाला पुढे आला. तिशी-पस्तिशीचा, घरूनच काम करणारा, हाफ पँटवर इस्त्रीचा शर्ट घालून कॅमेऱ्यासमोर बसणारा सज्जन माणूस. तो म्हणाला, “ताई, टेन्शन नका घेऊ. लोकांना एकमताला आणायची वेगळी टूल्स असतात. मी सेट करून देतो. बहुमत नाही, एकमत! एकाही माणसाला मागे सोडायचं नाही.”

त्याचं म्हणणं साधं होतं. नुसतं हो-नाही विचारलं की भांडणं होतात. त्याऐवजी माणसाला चार पर्याय द्यायचे. पहिला, मनापासून मान्य. दुसरा, फारसं मान्य नाही, पण चालवून घेऊ. तिसरा, मान्य नाही, पण तुमच्या आड येणार नाही. आणि चौथा म्हणजे ब्रह्मास्त्र. हे होता कामा नये! चौथा पर्याय एकाने जरी दाबला तरी सगळा ठराव जागच्या जागी थांबणार आणि मग त्या माणसाचं म्हणणं ऐकून घ्यायचं. एका फ्लॅटला एक मत, तेही मोबाइलवर कोड आल्याशिवाय नाही. भाडेकरूंनाही मत, कारण राहतात ते. मला हे फार आवडलं. अध्यक्षांना तितकं नाही, पण ‘मोबाइलवर कोड’ या शब्दांनी ते विरघळले.

मराठी आम्ही दोघांनी मिळून केलं. पहिल्याला ‘पटतं’. तिसऱ्याला ‘पटत नाही’. दुसऱ्याला मात्र दहा शब्द शोधले आणि मग दोघं एकदमच म्हणालो, ‘चालेल’.

या शब्दावर खरं तर एक कोश निघेल. आपल्याकडे ‘चालेल’ म्हणजे हो, असं परप्रांतीयांना वाटतं. खरा हो म्हणणारा माणूस ‘अरे वा’ म्हणतो. ‘चालेल’ म्हणजे मला विचारलंत त्याबद्दल आभार, आता करा काय करायचं ते. ‘चालेल की’ म्हणजे मला विचारायला उशीर केलात. आणि ‘चालेल म्हणा’ असं कोणी म्हणालं तर तो विषय तिथेच सोडावा. माझी आई या शब्दावर एकोणऐंशी वर्षं जगली आहे. भाजी कुठली करू, चालेल. लग्न करणार नाही म्हणते मी, चालेल. डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी करायचं, चालेल. मी या प्रत्येकाचं भाषांतर आयुष्यभर ‘हो’ असं करत आले.

चौथ्या पर्यायाला शब्द मिळेना. ‘आडकाठी’ जुना वाटला. ‘नकाराधिकार’ म्हटलं तर अध्यक्षांची छाती आधीच फुगायला लागली. शेवटी मूळ इंग्रजीत होता तोच शब्द देवनागरीत ठेवला, ‘ब्लॉक’. ग्रुपवर लोक एकमेकांना ब्लॉक करतातच, सगळ्यांना कळेल, असा आमचा हिशोब. मी ग्रंथपाल आहे, शब्दांना दोन अर्थ असतात हे मला कळायला हवं होतं.

आता खुर्चीकडे येते.

आमच्या लॉबीचं नूतनीकरण झालं होतं. काळा ग्रॅनाइट, भिंतभर आरसा, कुंडीत दोन खोटी झाडं. आणि या थाटात लिफ्टसमोर एक लाल प्लास्टिकची खुर्ची. पाठीला उभी भेग, त्या भेगेला सुतळीचे टाके, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. टाके माझ्या आईने दाभणाने घातलेले होते, कारण खुर्चीवर बसायची आईच. रोज साडेपाचला खाली उतरायची ती सव्वासातपर्यंत तिथेच. सामान घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, “कितव्या मजल्यावर? त्या घरात नाहीत, भाजीला गेल्यात. ठेव इथं.” कोणाकडे पाहुणे आले, कोणाची मुलगी रुसली, सगळं तिला ठाऊक. मी कामावरून आले की भर लॉबीत, चार लोकांसमोर विचारायची, “आलीस?” मी पन्नास वर्षांची बाई. “दिसतंय ना,” असं म्हणून मी लिफ्टमध्ये शिरायचे. खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीची लाज वाटायची. ती चुकीच्या कपाटात ठेवलेली होती.

अध्यक्षांनी नव्या टूलवरचा पहिला ठराव टाकला तो हाच. अध्यक्ष बंदरातल्या नोकरीतून निवृत्त झालेले, बोलणं ठरावाच्याच भाषेत. “लॉबीतील जुनी लाल खुर्ची हटवण्यात यावी, जेणेकरून इमारतीची शोभा अबाधित राहील.” खाली फ्लॅट नंबर लिहायचा चौकोन आणि त्याखाली चार गोल. पटतं, चालेल, पटत नाही, ब्लॉक. मुदत तीन दिवस. समजावून सांगणारा कागद आयटीवाल्याने लिफ्टमध्ये लावला, त्यावर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी गाद्यांची जाहिरात चिकटवली.

चौथ्या दिवशी निकाल उघडला. पटतं चार. चालेल सहा. पटत नाही शून्य. ब्लॉक सतरा. एक फ्लॅट बंद असतो, म्हणजे मतदान शंभर टक्के.

आयटीवाला खालीच बसला. “ताई, सतरा ब्लॉक! पूर्ण जगात कुठे होत नसेल असं. लोक किती चिडलेत बघा!” अध्यक्षांनी तो आकडा दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, “हा खुर्चीचा प्रश्न नाही. हा खुर्चीचा प्रश्न आहे.” पहिली खुर्ची लॉबीतली आणि दुसरी त्यांची, हे समजायला मला जरा वेळ लागला. दुपारी त्यांचा राजीनामा माझ्या दाराच्या फटीतून आत आला. ‘विश्वास गमावल्याने’ असं त्यात लिहिलं होतं आणि खाली सही मात्र अध्यक्ष म्हणूनच केली होती.

राजीनामा फायलीत लावून मी ब्लॉक करणाऱ्यांच्या घरी जायला निघाले. सुरुवात दुसऱ्या मजल्यापासून. साताऱ्याचे काका पेपर वाचत होते.

“काका, तुमचा खुर्चीला इतका कडक विरोध का?”

“इरोध? कुणाचा? काढा की ती खुर्ची, मला काय करायचंय.”

“मग ब्लॉक का दाबलंत?”

काका माझ्याकडे बघतच राहिले. “आता गं! वर फ्लॅट नंबर इचारला. खाली इचारलं ब्लॉक. मग काय दाबू? भाड्याचा हाय व्हय माझा? सोताचा ब्लॉक हाय. शेअर सर्टिफिकेट दावू का?”

ते खरंच उठले आणि कपाटातून सर्टिफिकेट घेऊन आले.

तरुण वाचकांसाठी सांगते, मुंबईत पूर्वी फ्लॅटला कोणी फ्लॅट म्हणत नसे. चाळीतल्या माणसाचं स्वप्न एकच, ब्लॉक घ्यायचा. ज्याला स्वतःचा संडास आणि स्वतःचा नळ आहे, ते घर म्हणजे ब्लॉक. ‘त्यांनी वाशीला ब्लॉक घेतला’ हे वाक्य माझ्या लहानपणी लोक आवाज खाली आणून बोलायचे, इतकं ते मोठं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये सोसायटीची कामं घरोघरी म्हाताऱ्यांकडेच असतात. सतरा म्हाताऱ्यांनी चष्मा लावून, कोडची वाट बघून, अभिमानाने आपापला मालकी हक्क नोंदवला होता.

उलट बाजूनेही हेच. सहाव्या मजल्यावरच्या भाडेकरू मुलीला विचारलं, तर ती ओशाळून म्हणाली, “काकी, आमी रेंटवर ना. ब्लॉक आमचा नाय. मग म्हटलं चालेल दाबूया, कोणाला राग नको यायला.”

आणि घरी आल्यावर आईला विचारलं. आई कुकर लावत होती. “दाबला की मी ब्लॉक,” ती म्हणाली. “तुझ्या बाबांनी बावीस वर्षं चाळीत काढून घेतलाय. माझ्या नावावर आहे. खोटं कशाला सांगू?”

मी पोट धरधरून हसले. आयटीवाल्याला फोन केला, तो रडायच्या बेतात होता. अध्यक्षांना सांगितलं, त्यांनी राजीनामा फाइलमधून परत मागितला. मी दिला नाही, नुसता ‘रद्द’ असा शिक्का मारला.

शब्द बदलायचा म्हटलं तर आयटीवाला म्हणाला, ठराव एकदा टाकला की टूल पर्यायाचं नाव बदलू देत नाही, फक्त मतं पुसून नव्याने घेता येतात. म्हणून रविवारी सकाळी लॉबीत सभा भरवली. तीस-बत्तीस माणसं ग्रॅनाइटवर उभी आणि आई तिच्या लाल खुर्चीत मधोमध बसलेली. आयटीवाल्याने शाळेतल्यासारखं सगळ्यांकडून म्हणून घेतलं. “ब्लॉक म्हणजे काय?” सगळे एका सुरात, “घर नाही!” “मग काय?” “हे होता कामा नये!” साताऱ्याच्या काकांचा आवाज सगळ्यांत मोठा.

मग अध्यक्ष आईकडे वळले. माणूस वाईट नाही, त्यांनी वाकून विचारलं, “मावशी, बसता तुम्हीच. खुर्ची काढली तर तुम्हाला चालेल ना?”

आईने तोंड उघडायच्या आत मी बोलले. “चालेल हो तिला. घरात एवढा सोफा आहे.”

आईने माझ्याकडे पाहिलं, मग सुतळीच्या टाक्यांवरून हात फिरवला. “चालेल,” ती म्हणाली. मी लगेच वहीत लिहून घेतलं.

नव्या मतदानाची मुदत बुधवारी संध्याकाळी संपली. मी कामावरून लवकर निघून लॉबीतच निकाल उघडला. अध्यक्ष आणि आयटीवाला माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावत होते, साताऱ्याचे काका निकाल ऐकायला म्हणून मुद्दाम खाली आलेले. खुर्ची रिकामी होती, कारण अजून पाचच वाजले होते. पटतं पंधरा. चालेल अकरा. पटत नाही शून्य. ब्लॉक एक.

नंबर खालीच आला होता. तीनशे दोन. आमचाच.

साताऱ्याचे काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. “सेक्रेटरींच्या घरातच कळंना झालंय!” अध्यक्ष मोठ्या मनाने म्हणाले, “वयोमानानुसार होतं. अनवधानाने पडलेलं मत आहे, दुरुस्त करून घ्या, मग ठराव संमत.” माझे कान तापले. घरात ग्रंथपाल असून आईला एक शब्द समजू नये! लिफ्ट सातव्या मजल्यावर होती, तेवढाही धीर मला नव्हता. जिन्याने गेले.

आई स्वयंपाकघरात डाळिंब्या सोलत बसली होती. समोर ताटात सालं, वाटीत दाणे. मी पर्स न ठेवताच सुरू झाले.

“आई, किती वेळा सांगितलं! ब्लॉक म्हणजे घर नाही. रविवारी सगळ्यांबरोबर तूही म्हणालीस ना? ब्लॉक म्हणजे नाही म्हणणं. तुझ्या एकटीच्या मताने सगळ्यांचं अडतं.”

“अडलं का मग?”

“अडणारच! सगळा ठराव थांबला.”

“बरं झालं,” आई म्हणाली आणि पुढची डाळिंबी सोलली.

मी खुर्ची ओढून बसले. इतक्या वर्षांत आईने मला नाही म्हटल्याचं मला आठवेना. मी आठवायचा प्रयत्न केला, खरंच केला. शेवटी सेक्रेटरीसारखं म्हणाले, “नुसतं ब्लॉक करून भागत नाही. कारण द्यावं लागतं. या वेळी खाली कारणाचा चौकोनही टाकलाय.”

“दिलंय की. तो माइक दाबून बोलले. तू वाचलं नाहीस?”

मी वाचलं नव्हतं. मला खात्री होती ना, की तिला कळलेलं नाही. मी तिथेच उघडून वाचलं. टूलने ऐकलं तसं लिहून घेतलं होतं, ना पूर्णविराम, ना स्वल्पविराम:

“हॅलो हॅलो चालू झालं का हे मला खुर्ची पाहिजे माझी मुलगी म्हणते घरात सोफा आहे सोफा चांगला आहे पण सोफ्यावरून गेट दिसत नाही मुलगी कामावरून सव्वासातला येते तिला फोन केलेला आवडत नाही म्हणून मी खाली बसते ती आली की मग मला बरं वाटतं अगंबाई तिसरी शिट्टी झाली वाटतं हे बंद कसं करायचं”

मी ते दोनदा वाचलं. मला रडू आलं आणि शिट्टीपाशी हसूही आलं, दोन्ही एकदमच, फार वाईट दिसत असेन मी. आई म्हणाली, “पर्स ठेव आधी. आणि डाळिंब्यांना हात लाव, रात्रीची उसळ आहे.”

मी हात लावला. सोलता सोलता विचारलं, “रविवारी मग चालेल का म्हणालीस?”

“तूच म्हणालीस आधी. चार माणसांत तुला खोटं कशाला पाडू?”

दुसऱ्या दिवशी नियमाप्रमाणे ब्लॉक करणाऱ्याचं म्हणणं कमिटीसमोर वाचायचं होतं. मी लॉबीत उभं राहून वाचलं. अध्यक्षांच्या हट्टाखातर ते इतिवृत्तात जसंच्या तसं घेतलं आहे, शिट्टीसकट, कारण “मूळ दस्तऐवजात फेरफार नको.” वाचून झाल्यावर साताऱ्याचे काका नाक शिंकरून म्हणाले, “माझं ते पटतं खोडा. मलाबी ब्लॉक लावा.” आयटीवाल्याने त्यांना सांगितलं, की एकच पुरतो.

खुर्ची राहिली. अध्यक्षांनी शोभेसाठी खोट्या झाडाची एक कुंडी तिच्या शेजारी सरकवली, आई त्या कुंडीत चष्म्याची डबी ठेवते. टूलही राहिलं आहे, पण त्याच्यापेक्षा शब्दच जास्त पसरला. आता बिल्डिंगमध्ये मुलं भोपळ्याच्या भाजीला ब्लॉक लावतात आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी पुण्याच्या बहिणीला लावला.

परवा मी सव्वासातला गेटातून आत आले. आई खुर्चीत होती. शेजारी कोणाचं तरी पार्सल, समोर क्लासहून आलेली दोन मुलं आणि त्यांची आई.

“आलीस?” तिने विचारलं.

“आले,” मी म्हणाले. मग लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि ती उठेपर्यंत थांबले. “आई, आज पिठलं-भात करू?”

“चालेल.”

मी दार धरूनच उभी राहिले. लिफ्ट किंचाळायला लागली. “पटतं, की नुसतं चालेल?”

आईने खरंच विचार केला. डबी कुंडीतून काढली, चष्मा डबीत ठेवला, लिफ्टमध्ये आली आणि तीनचं बटण स्वतः दाबलं.

“ब्लॉक,” ती म्हणाली. “परवाच खाल्लं.”